रकाना सातवा

हातानो, २६ मार्च २०१८

ओबाता,

आज सोमवार, २६ मार्च, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी विद्यापीठामागच्या उतारावरच्या तुतीच्या बागेत यांत्रिक करवत चालू होती. वेळ मी बसथांब्यावरच्या घड्याळात पाहिली आहे. तेव्हा उत्तरात ‘साधारण’, ‘सुमारे’ असले शब्द नकोत.

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी मी दर सोमवारी रेशीमघरात येते, हे तुला माहीत आहे. पगार नाही, चहा स्वतःचा. आज बसमधून उतरले तर पहिल्या तीन रांगा आडव्या. मी करवतवाल्यापुढे जाऊन उभी राहिले.

“आजी, बाजूला व्हा. लागेल.”

“मी तुमची आजी नाही. कुणी सांगितलं हे कापायला?”

“कागद आहे.”

“दाखवा.”

त्याने गळ्यातल्या पंच्याला हात पुसले आणि कागद दाखवला. माणूस सभ्य होता. म्हणाला, “एवढी पानं लागतात तरी कशाला?”

“किड्यांना.”

“दुसरं काही खात नाहीत?”

“नाही. वरच्या मजल्यावरची माणसं कागदावर जगतात, हे पानांवर जगतात.”

तो हसला. मला हसू आलं नाही, कारण तोवर मी कागदाच्या तळाशी पोचले होते. आठ शिक्के. सातवा तुझा, आठवा कुलगुरूंचा. तुझा शिक्का डावीकडे, कुलगुरूंच्या शिक्क्याकडे कललेला. कनिष्ठाने वरिष्ठापुढे कागदावरही वाकायचं असतं ही आपल्याकडची रीत मला कळते. पण तू संशोधनाचा उपकुलगुरू आहेस. तुझा शिक्का कमरेत इतका वाकला आहे की नाक जमिनीला लागेल.

मग रेशीमघराच्या दारावरची सूचना वाचली. ‘हे दालन ३१ मार्चपासून बंद. फ्रीजमधील वस्तूंची विल्हेवाट २७ एप्रिल, सायंकाळी पाच वाजता.’

वस्तू! त्या फ्रीजमध्ये रेशीमकिड्यांच्या चौऱ्याण्णव वाणांची अंडी आहेत. १९११ पासून दर वसंतात ती उबवली, वाढवली, कोष करू दिले, पुन्हा अंडी घेतली. एकही वर्ष चुकलेलं नाही. अंडी एक हिवाळा काढतात, दुसरा काढत नाहीत. मेच्या पहिल्या आठवड्यात ती फ्रीजबाहेर आली नाहीत आणि अळ्यांना कोवळी पानं मिळाली नाहीत, तर एकशेसात वर्षांचं काम एका दुपारी संपेल. यातले साठेक वाण जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. तुला हे मी सांगावं लागतं याचीच शरम वाटते.

करवतवाल्याने एवढं सांगितलं: आज फक्त वरचं कापायचं. मुळं उपटायला यंत्र येईल ते मेच्या सुट्ट्यांनंतर, सात तारखेला.

कुणी ठरवलं, कशाच्या आधारावर ठरवलं, हे सोमवार, २ एप्रिलपर्यंत लेखी कळव.

तोमिए मिझोगुची

•

हातानो, २ एप्रिल २०१८

आदरणीय मिझोगुची बाई,

चेरीच्या कळ्या आता उमलू लागल्या आहेत. पहाटे अजून गारवा असतो, तरी आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा करतो.

आपलं पत्र मिळालं. त्या दिवशी आपल्याला धक्का बसला याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. काम सुरू करण्यापूर्वी आपल्याला कळवायला हवं होतं.

आपल्याला ठाऊकच आहे की सरकारकडून राष्ट्रीय विद्यापीठांना मिळणारा मूळ निधी दर वर्षी थोडा थोडा कमी होतो आहे. आपल्यासारख्या डोंगराकडच्या विद्यापीठाला आता स्पर्धेतून मिळणाऱ्या अनुदानावरच उभं राहावं लागतं. मंत्रालयाच्या संशोधन-सामर्थ्य योजनेत आपण अखेरच्या फेरीत आहोत. त्यासाठी नवी इमारत लागते, इमारतीसाठी जागा लागते, आणि कुठली दालनं ठेवायची, कुठली मिटवायची हे दाखवावं लागतं. मूल्यमापन समितीने उपलब्ध कागदपत्रांच्या आधारे सर्व दालनांना गुण दिले. रेशीमघराला शून्य मिळालं.

वाण दुसऱ्या संस्थेला देता येतील का, हे मी पाहिलं. जिथे विचारलं तिथे माणसं नाहीत आणि तुती नाही. ते विद्यापीठाची मालमत्ता असल्यामुळे खाजगी व्यक्तीला देता येत नाहीत.

आपल्या भावना मी समितीपुढे मांडेन. या विषयाचा पुढेही सकारात्मक विचार करू.

थंडी-उन्हाच्या या दिवसांत जपावं.

आपला विद्यार्थी,
कुनिहिरो ओबाता

•

हातानो, ५ एप्रिल २०१८

ओबाता,

चेरीच्या कळ्या मला खिडकीतून दिसतात. टपाल खर्चून त्या कळवायची गरज नव्हती.

‘सकारात्मक विचार करू’ म्हणजे नाही. तू विद्यार्थी असताना मीच तुला हे शिकवलं होतं, आठवतं? मोजमापाचं यंत्र मिळेल का म्हणून तू कार्यालयात गेला होतास आणि हसत परत आलास, “बाई, सकारात्मक विचार करतो म्हणाले!” मी म्हटलं, “मग आता उसनं कुठे मिळतं ते बघ.”

आणि ‘उपलब्ध कागदपत्रं’ म्हणजे कुठली? आकाशातून पडली का? शून्य म्हणे! तू ज्या कृत्रिम रक्तवाहिनीमुळे उपकुलगुरू झालास, तिचा धागा कुठल्या वाणाचा? सदतिसाव्या. पातळ कोषाचा, बाजारात कवडीमोल, म्हणून बाकी सगळ्यांनी टाकून दिलेला. सत्तर वर्षं कुणीतरी त्याला विनाकारण पानं घातली, म्हणून तो तुला मिळाला. तुझ्या निबंधाच्या शेवटी बारीक अक्षरात माझे आभार मानले आहेस. बारीक अक्षरं वाचायला समितीकडे चष्मा नसावा.

आता एक जुनी गोष्ट काढते. काढणार नव्हते. १९८३ चा जून. डास चावतात म्हणून तू शेजारच्या खोलीत डासांची उदबत्ती लावलीस. तो धूर रेशीमकिड्यांना विष असतो हे पहिल्या दिवशी शिकवलेलं. तासाभरात एकसष्टाव्या वाणाच्या सगळ्या अळ्या मान टाकून पडल्या. तू भिंतीला टेकून बसलास आणि म्हणालास, “बाई, मी गावी परत जातो. सरांना तोंड दाखवणार नाही.” दालनाचे तेव्हाचे प्रमुख काजिवारा सर आले तेव्हा मी सांगितलं, उदबत्ती मी लावली. ते आठवडाभर माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. राखीव अंडी मी बाजूला ठेवलेली होती, म्हणून एकसष्टावा वाण आज जिवंत आहे. आणि म्हणून तूही आहेस, त्या खुर्चीत.

काल मी विद्यापीठाच्या माहिती-खिडकीवर जाऊन अर्ज दिला. रेशीमघराच्या मूल्यमापनाचे सर्व मूळ कागद मागितले आहेत. खिडकीतला मुलगा म्हणाला, “कारण लिहा.”

“कारण लिहायची कायद्याने गरज नाही.”

“नाही, म्हणजे, लिहिलं तर आम्हाला बरं पडतं.”

“तुम्हाला बरं पडावं म्हणून मी चाळीस मिनिटं बसने आलेले नाही.”

तीस दिवस लागतील म्हणाला. तीस दिवसांनी अंडी कचऱ्यात असतील. मी त्याला तेही सांगितलं. तो घाबरून आत गेला आणि कुणाला तरी विचारून आला. “लवकर देतो, आजी.” या शहरात सगळ्यांनाच मी आजी कधीपासून झाले?

तो कागद हातात आला की कुणी शून्य लिहिलं ते नाव मला कळेल. तुझं असलं तर आताच सांग.

मिझोगुची

•

हातानो, १० एप्रिल

मिझोगुची बाईंना सादर नमस्कार.

मी रेशीमघरातली नागिसा सेरिझावा. फोन करणार होते, पण फोनवर मला रडू येतं, म्हणून लिहिते आहे.

३१ तारखेला माझा करार संपला. पाच वर्षांच्या पुढे गेलं की कायम करावं लागतं, म्हणून पुढे जाऊ देत नाहीत. पाच वर्षांतला शेवटचा दिवस मी फ्रीजमधली थर्मामीटरं तपासण्यात घालवला. पाच अंशांवर आहे सगळं, अंड्यांचे चौऱ्याण्णवही कागद कोरडे आहेत. किल्ली कार्यालयात दिली. शिपाईकाकांनी विचारलं, “आत काही जिवंत आहे का?” मी हो म्हटलं. त्यांनी यादीत पाहिलं आणि म्हणाले, “इथे ‘वस्तू’ लिहिलंय.”

सध्या स्टेशनजवळच्या डबे बनवायच्या दुकानात आहे. पहाटे चारला भाताचे गोळे वळायला लागतात. माझे गोळे सगळे एका मापाचे होतात म्हणून मालकीणबाई खूष आहेत. मी त्यांना सांगितलं नाही की पाच वर्षं मी अळ्यांना मोजून पानं घातली आहेत.

बाई, एक विनंती आहे. तुम्ही मूल्यमापनाचा कागद मागवला असं कळलं. तो मागवू नका. कृपा करा. त्यातून काही निघणार नाही. दुसरा काही मार्ग असेल तर मी सुट्टी काढून येईन, काहीही करीन. पण तो कागद नको.

तुमचे गुडघे कसे आहेत? चढावर काठी घेत जा.

नागिसा

•

हातानो, १६ एप्रिल २०१८

ओबाता,

दहा तारखेचं एक पत्र माझ्या टेबलावर आहे. कुणाचं ते सांगत नाही, पण तुला ओळखू येईल, कारण तुमच्या विद्यापीठात पाच वर्षं मन लावून काम केलं की माणसाला डबे भरायला पाठवतात. त्या मुलीने मला विनवणी केली आहे की मी कागद मागू नये. तिला कुणी काय सांगून घाबरवलं? पुन्हा काम देऊ, पण तुझ्या म्हातारीला आवर, असं? तुला एवढंही नको होतं रे. भित्रा होतास, पण दुष्ट नव्हतास.

माझ्या शाळेत सिस्टर क्लोतिल्द होत्या, फ्रान्सहून आलेल्या, आमच्या कान्सायी बोलीत आमच्यापेक्षा सफाईने रागवणाऱ्या. त्या म्हणायच्या, खोटं बोलणारी मुलगी मला चालेल, ती एक दिवस खरं बोलेल. दुसरीला खोटं बोलायला लावणारी चालणार नाही. मला वाटायचं हे मुलींबद्दल आहे.

अकरा दिवस उरले. रोज सकाळी मी उतारावर जाते. रेशीमघराच्या खिडकीला कान लावला की फ्रीजची घरघर ऐकू येते. रखवालदार मला ओळखतो. आधी म्हणायचा, “बाई, इथे थांबू नका.” आता बाक आणून ठेवतो. काल म्हणाला, “आजही चालू आहे.” आजाऱ्याच्या खोलीबाहेर बसलेल्यांशी बोलतात तसा. मी एकाहत्तर वर्षांची बाई एका फ्रीजच्या आवाजासाठी डोंगर चढते, आणि तुझ्या इमारतीचं चित्र फाटकावर लागलंय, काचेचं, त्यात हसणारी माणसं. त्या चित्रात एकही झाड खरं नाही.

मला झोप लागत नाही. हे तुला लिहायचं नव्हतं.

कागद या आठवड्यात मिळेल. मिळाला की तो जिल्ह्याच्या वर्तमानपत्राला देईन. तुला काही सांगायचं असेल तर शुक्रवार, २० तारखेपर्यंत लेखी सांग.

मिझोगुची

•

हातानो, १९ एप्रिल २०१८

मिझोगुची बाई,

ऋतूचं काही लिहीत नाही.

सेरिझावाला मी एकदाही भेटलो नाही, फोन केला नाही. तिने जे लिहिलं ते स्वतःहून लिहिलं असेल. एवढ्यावर विश्वास ठेवा.

बाई, तो अर्ज मागे घ्या. शून्य माझ्यामुळे पडलं असं समजा. वर्तमानपत्राला माझं नाव द्या, मी नाकारणार नाही. मी भित्रा आहे, शिक्का वाकडा मारतो, आभार बारीक अक्षरात मानतो, हे सगळं छापू द्या. फक्त तो कागद मागू नका.

कधी काही मागितलं नाही तुमच्याकडे. हे मागतो.

ओबाता

•

हातानो, २३ एप्रिल २०१८

ओबाता,

आज सकाळी साडेनऊला खिडकीतल्या मुलाने मला लिफाफा दिला. दोन्ही हातांनी दिला, मान खाली घालून. मला वाटलं, चांगलं वळण आहे. आता कळतं, त्याने आधी वाचला होता.

बसथांब्यावर बसून उघडला. आत सात वर्षांची सात पत्रकं. मी नेहमीप्रमाणे तळापासून वाचायला घेतली, शिक्के आधी. तुझे सगळे वाकडे. मग मधले रकाने. सातवा रकाना: ‘या दालनाची विशेष कामगिरी आणि बाहेरील उपयोग.’ २०१७: ‘मागील वर्षाप्रमाणे.’ २०१६: ‘मागील वर्षाप्रमाणे.’ कुणा कारकुनाचं अक्षर, तेही कंटाळलेलं. मी पाठी जात राहिले आणि मनात त्या पहिल्या माणसाला शिव्या घालत राहिले. शेवटचा कागद २०११ चा, मी निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षाचा.

‘विशेष काही नाही.’

अक्षर माझं. खाली माझा शिक्का. सरळ मारलेला, ठळक, शाई अजून लाल.

दोन बस गेल्या. दुसऱ्या बसचा चालक दार उघडून म्हणाला, “येताय ना?” मी नाही म्हटलं. “तब्येत बरी आहे ना?” मी म्हटलं, “विशेष काही नाही.” तेच शब्द तोंडातून आले, ओबाता. ते माझ्या तोंडात कायमचेच बसलेले असतात.

तो दिवस मला आठवतो. जूनचा होता, अळ्यांची शेवटची कात टाकून झाली होती, खादाडी सुरू होती, आणि कार्यालयातला माणूस दारात उभा, “बाई, फक्त सातवा रकाना राहिलाय.” हातात पानांची टोपली. मी टोपली खाली न ठेवता लिहिलं. काजिवारा सरांनी तेच लिहिलं होतं, त्यांच्या आधीच्यांनी तेच. आपल्या मजल्यावर सगळे तेच लिहायचे. स्वतःच्या तोंडाने स्वतःची कामगिरी सांगायची म्हणजे चारचौघांत ओरडून जेवण्यासारखं. सिस्टर क्लोतिल्दही सांगायच्या, केलेलं काम बोलून दाखवलं की अर्धं होतं. मी दोन्हीकडून नम्र झाले, इकडून आईबापांच्या रीतीने आणि तिकडून सिस्टरांच्या. अशी दुहेरी शिवण उसवत नाही.

आणि ते तीन शब्द वर्षानुवर्षं पुढे उतरत गेले. कागद कुणी उघडला नाही, कारण त्यावर माझा शिक्का होता आणि मिझोगुची बाई चुकत नाहीत.

नागिसाने पाहिलं होतं. तिला कराराची माणूस म्हणून रकाना भरायचा अधिकार नव्हता, वाचायला कुणी अडवलं नव्हतं. तू पाहिलंस. आणि दोघांनी आपापल्या परीने मला वाचवायचं ठरवलंत. तिने रडून, तू स्वतःला भित्रा म्हणवून घेऊन. मी तुला नको नको ते बोलले आणि तू ऐकून घेतलंस. ‘दुष्ट’ हा शब्द मी परत घेते. तो माझा होता.

पस्तीस वर्षांपूर्वीची उदबत्ती तू आज फेडलीस, असं तुला वाटत असेल. नाही फेडलीस. नीट ऐक. मी सरांशी खोटं बोलले तेव्हा माझ्या कपाटात एकसष्टाव्या वाणाची राखीव अंडी होती. खोटं बोलायचं तर हातात काहीतरी राखीव हवं. तुझ्याकडे काय राखीव आहे? माझी अब्रू वाचवायला तू चौऱ्याण्णव वाण घालवायला निघालास. असल्या अब्रूचं मी काय करू? लोणचं घालू?

तुला माझ्या अपराधाचा कागद दिसला होता तर त्याच दिवशी माझ्या दारात यायचं होतंस. म्हणायचं होतंस, “बाई, तुम्ही काय लिहून बसलात! दुरुस्त करा.” मी तुझ्या अंगावर धावले असते, मग बसून लिहिलं असतं. सहा वर्षं होती. आता चार दिवस आहेत.

तर आता लिहिते. सातवा रकाना. हे पत्र म्हणजेच दुरुस्ती, असं नोंदव.

हे दालन १९११ साली गावोगावच्या रेशीमवाल्या घरांकडून मागून आणलेल्या अंड्यांवर सुरू झालं. ती घरं आता रेशीम करत नाहीत, त्यांचे वाण फक्त इथे आहेत. १९४४ मध्ये तुती उपटून रताळी लावायचा हुकूम आला. इथल्या माणसांनी रताळी लावली आणि प्रत्येक ओळीत पाच पावलांवर एक तुती ठेवली. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याला सांगितलं, ही कुंपणाची आहे. बाराव्या वाणाला तो रोग होत नाही ज्याने बाकीच्यांची घरंच्या घरं रिकामी होतात. का होत नाही हे समजून घ्यायला अकरा देशांतल्या लोकांनी अंडी मागवली. मी पाठवली. बदल्यात पोस्टकार्डं आली, आणि लिऑनहून एकदा बिस्किटांचा डबा, तो मी मजल्यावर वाटला. सदतिसाव्याच्या धाग्याच्या रक्तवाहिन्या तू केल्यास. मागच्या वर्षी त्या पहिल्यांदा माणसाच्या पायात बसवल्या, वर्तमानपत्रात फोटो होता, रुग्ण गृहस्थ जिना चढताना. सत्तेचाळिसाव्याच्या अळ्यांची त्वचा काचेसारखी असते, आतली पानं दिसतात; शाळेतली मुलं त्या पाहायला येत, दर जूनमध्ये. अठ्ठावन्नाव्या वाणाच्या अळ्या ताटलीत थांबत नाहीत, चालत सुटतात. त्याचा उपयोग अजून कुणाला कळलेला नाही. म्हणूनच तो ठेवला आहे. उपयोग कळलेल्या गोष्टी कुणीही ठेवतो.

तुझ्या योजनेचं नाव संशोधन-सामर्थ्य आहे. सामर्थ्य काचेच्या इमारतीत येऊन बसत नाही, ओबाता. कुणालाच कशाचा उपयोग माहीत नसताना कुणीतरी शंभर वर्षं रोज पानं घालतं, ते सामर्थ्य. हे मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिते आहे आणि माझे कान तापले आहेत. तरी खोडत नाही.

कागद मी वर्तमानपत्राला देणार आहे. माझ्या नावासकट, माझ्या अक्षरासकट. तू माझं नाव झाकायला जाऊ नकोस. चूक कुणाची ते छापून आलं म्हणजे दुरुस्ती मागायचा अधिकारही माझाच होतो.

अजून एक. काल उतारावर बागेच्या आतपर्यंत गेले होते. त्या करवतवाल्याने झाडं जमिनीलगत कापलेली नाहीत, बुंधे हातभर ठेवलेत. जुन्या घरांत दर वसंतात तुती तशीच छाटत. त्याच्या घरी कुणीतरी रेशीम केलेलं असणार, विचारायचं राहिलं. बुंध्यांना कोंब आले आहेत, ओबाता. गुडघे मोडून खाली बसले आणि मोजायला लागले, एकेका बुंध्याला नऊ-नऊ, दहा-दहा. रखवालदार धावत आला, त्याला वाटलं मी पडले. मी म्हटलं, “पानं येतायत.” तो म्हणाला, “येतातच की. कापलं की जास्त येतात.” मेच्या दहा तारखेपर्यंत अळ्यांच्या पहिल्या घासाला पुरतील एवढी कोवळी पानं त्या उतारावर असतील. कृत्रिम खाद्याचं नाव काढू नकोस, जुने वाण ते तोंडात धरत नाहीत. या पानांवाचून त्यांना काही नाही, आणि सात तारखेला यंत्र मुळं उपटायला येतंय.

मला गेल्या महिनाभरात पहिल्यांदाच काहीतरी शक्य वाटतं आहे आणि त्यामुळे जास्त भीती वाटते. निराशेत निदान झोप येते म्हणतात. मला तीही आली नाही.

मागणं असं. २७ तारखेला फ्रीजची वायर कुणी काढायची नाही. सात मेचं यंत्र थांबवायचं. इमारत पलीकडे गाड्यांच्या तळावर बांधा, उपकुलगुरूंच्या गाडीला आठवडाभर ऊन लागलं तर लागलं. नागिसा सेरिझावाला १ मेपासून बोलवा. कायम करायला भीती वाटत असेल तर ती भीती लेखी द्या, तीही मी छापायला देईन. पैसे नाहीत म्हणू नकोस. तिला मी माझ्या घरी जेवू घालीन, पगार तू दे.

तुला कुलगुरूंकडे जावं लागेल. माहीत आहे. त्यांच्यापुढे उभं राहून सातव्या रकान्याची दुरुस्ती वाचून दाखवावी लागेल, मोठ्याने. भिंतीला टेकू नकोस.

उत्तर लेखी हवं. शुक्रवार, २७ एप्रिल, दुपारी बाराच्या आत. टपालाने पाठवू नकोस, वेळ नाही. स्वतः घेऊन ये. मी सकाळपासून रेशीमघराच्या खिडकीखालच्या बाकावर असेन, घरघर ऐकत. हो किंवा नाही, एका ओळीत. खाली शिक्का हवा.

आणि तो सरळ मार.

तोमिए मिझोगुची